लिंबावर सोडलेलं पाणी

धुण्याच्या मशीनचं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, ते बागेला द्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. इतक्या साध्या आणि सज्जन निर्णयातून संसारात काय काय होऊ शकतं हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी पुढे वाचावं. ज्यांना संसार सुखाने करायचा असेल त्यांनी तर वाचावंच.

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही सकाळी आणि तेही स्वतःच्या मर्जीने. नळ आधी खोकतो, मग नुसतीच हवा सोडतो आणि आपण कंटाळून दाढीला बसलो की धो धो सुरू होतो. मी एका वाहतूक कंपनीत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाची आवक-जावक बघतो. घरातल्या पाण्याची आवक-जावक बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि मी ताबडतोब सूत्रं हातात घेतली. (सूत्रं कोणी दिली नसली तरी हातात घेणं मला जमतं.)

मशीनची नळी खिडकीतून बाहेर काढली. पहिल्याच धुण्याला जास्वंदीच्या बुंध्याशी गुडघाभर फेस झाला. "आता झाडांचे केसही धुऊन देणार आहात का?" बायकोने विचारलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशी पुसलेलं पाणी पायऱ्यांना आणि पायऱ्यांवरून ओघळलेलं कुंड्यांना, अशी मी व्यवस्था लावली. एक बादली पाणी घरात इतकं फिरायचं की संध्याकाळपर्यंत ते ओळखीचं वाटायला लागायचं. आंघोळ घमेल्यात उभं राहून करायची आणि घमेलं उचलून बागेत रिकामं करायचं, हा माझा सगळ्यात यशस्वी प्रयोग. तो करताना एकदाच पाय घसरला, आणि पंचा सोडला तर बाकी काहीच हातून निसटलं नाही. ऑफिसात ही हकीकत मीच अभिमानाने सांगितली, तेव्हापासून तिथे मला 'टिपूस' म्हणतात.

आता राहिलं होतं गच्चीचं पाणी. गच्चीवरचा पाइप अंगणाच्या ज्या कोपऱ्यात उतरतो, तिथे एक मोठं निळं पिंप ठेवलं की पावसाचं सगळं पाणी आपलं. पण त्या कोपऱ्यात बायकोचं लिंबू होतं.

हे लिंबाचं झाड तिने मोठ्या कुंडीत लावलं त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत त्याने पानं दिली, काटे दिले, मुंग्या दिल्या. लिंबू म्हणून काही दिलं नाही. तरी बायको रोज त्याच्याशी बोलते. माझ्याशी 'दूध आणा' आणि 'दिवा घालवा' याच्या पलीकडे न जाणारी ही बाई त्याला "काय रे, आज गप्प गप्प?" असं विचारते.

यात एक मानाचाही प्रश्न होता. आमच्या समोरच्या घरात एक वहिनी राहतात. त्या शिवणाचा क्लास चालवतात. त्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे त्यांच्या बागेत बघावं तिकडे हिरवं, आणि त्यांचं लिंबू तर बारमाही लगडलेलं. पहिल्या वर्षी त्यांनी आमच्याकडे चार लिंबं पाठवली आणि निरोप दिला, "तुमच्या झाडाला लागेपर्यंत वापरा." त्या सरळ मनाने म्हणाल्या असतील. पण बायकोला ते 'लागेपर्यंत' लागलं. तिने लिंबं परत पाठवली आणि जाहीर केलं, की घरच्या झाडाला फळ धरल्याशिवाय समोरचं लिंबू या उंबऱ्याच्या आत येणार नाही. वहिनी दर मोसमात पाठवत राहिल्या, बायको परत करत राहिली आणि दोघींचं बोलणं हळूहळू फाटकातून नुसती मान हलवण्यावर आलं.

"तो कोपरा पिंपाला दे," मी म्हणायचो. "झाड पाणी पितं आणि काही देत नाही."

"पाणी पिऊन काही न देणारे घरात आणखीही आहेत," ती म्हणायची आणि विषय संपायचा.

तेवढ्यात मेहुणीचं ऑपरेशन ठरलं आणि बायको तिच्या सोबतीला निघाली. घर पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या ताब्यात येणार होतं. आदल्या दिवशी तिने मला अंगणात नेऊन लिंबाच्या पानांत काहीतरी दाखवलं. चष्मा आत राहिला होता, म्हणून मी "वा" म्हणालो. निघायच्या वेळी ती रिक्षात बसली, बॅग मांडीवर घेतली आणि शेवटच्या सूचना सुरू झाल्या. गॅस बंद करा. मागचं दार लावा. पेपरवाल्याला सांगा. रिक्षा सुरू झाली, मागून एक ट्रक आला आणि तिने डोकं बाहेर काढून सांगितलं, "आणि हो, तेवढं लिंबा—"

इथे ट्रकने हॉर्न वाजवला.

"—पाणी सोडा."

रिक्षा गेली आणि मी फाटकात तसाच उभा राहिलो. वाचकहो, मराठीत 'लिंबाला पाणी सोडणं' आणि 'लिंबावर पाणी सोडणं' यांत एका इवल्याशा शब्दाचं अंतर आहे. पहिल्यात झाड जगतं, दुसऱ्यात ते आपलं राहत नाही. आणि नेमका तोच इवलासा शब्द ट्रकवाल्याने खाल्ला होता. आता 'लिंबाला पाणी द्या' असं बायको एरवीही म्हणायची. पण जाता जाता, मान बाहेर काढून, भरल्या आवाजात (तो आवाज धुराने भरला होता हे मला मागाहून कळलं) कोणी पाणी द्यायला सांगतं का? तिने लिंबावर पाणी सोडलं होतं. माझं म्हणणं तिला पटलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पटलं होतं, म्हणून मला गहिवरूनही आलं.

पत्नीने एवढा त्याग केल्यावर नवऱ्याने दिरंगाई करणं बरं नव्हे. पण झाड उपटून टाकायचं माझ्या जिवावर आलं. मी विचार केला, ज्याला पाणी लागतं ते जिथे पाणी आहे तिथे गेलं पाहिजे. मी रस्ता ओलांडून वहिनींकडे गेलो.

"आमचं लिंबू तुम्हाला देतोय," मी म्हणालो.

वहिनी गळ्यात टेप अडकवून कापड बेतत होत्या. कात्री हातातच राहिली. "ताईंना विचारलंत?"

"तिनेच सांगितलं जाता जाता. पाणी सोडलं म्हणाली."

वहिनींनी कात्री खाली ठेवली. मग डोळ्यांच्या कडा टेपच्या टोकाने पुसत म्हणाल्या, "एवढं मन मोठं आहे त्यांचं, आणि मी काय समजत होते." त्यांनी लगेच हातगाडीवाल्याला बोलावलं, आणि अर्ध्या तासात कुंडी समोरच्या अंगणात, बोअरच्या नळाशेजारी जाऊन बसली. मी दुपारीच पिंप आणलं. ऑफिसात एका माणसाला सांगितलंसुद्धा, की बायका ऐकतात, फक्त सांगण्याची पद्धत पाहिजे.

रात्रीच्या जेवणाआधी बायकोचा फोन आला. मेहुणीची चौकशी झाली आणि ती म्हणाली, "लिंबाचं काय? पाणी सोडलंत ना?"

"तू गेलीस तेव्हाच सोडलं."

"नीट सोडलंत ना? तुमचं सगळं अर्धवट असतं."

"पूर्ण सोडलं. मनात काही ठेवलं नाही."

"मनात कशाला ठेवायचंय? आणि हे एकदा करून भागत नाही हं. रोज सोडायचं."

"रोज?"

"रोज. सकाळी, ऊन चढायच्या आत. माझा जीव तिकडेच लागलाय."

मला तिची दया आली. चार वर्षांची माया एका दिवसात कशी सुटणार. "होतं असं सुरुवातीला," मी समजूत घातली. "सोडत गेलं की हलकं वाटतं."

"कुंडी हलकी वाटली तर आणखी सोडा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण बायकोच्या सगळ्याच वाक्यांचा अर्थ लावायला बसलो असतो तर आजवर नोकरी झाली नसती. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी, ऊन चढायच्या आत, पिंपासमोर उभं राहून मनातल्या मनात म्हणू लागलो, सोडलं. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

मेहुणीला घरी आणलं त्या दिवशी बायको फोनवर खुशीत होती. "बरं, कळ्या उमलल्या का?"

"कसल्या कळ्या?"

"कसल्या म्हणजे? लिंबाच्या. तुम्हाला दाखवल्या नाहीत का? चार वर्षांनी पहिल्यांदा धरल्यात. म्हणून तर ओरडून सांगितलं, त्याला पाणी सोडा. कळ्या असताना मुळं सुकली तर सगळ्या गळतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्याला? का त्याच्यावर?"

"वरून कशाला? मुळाशी."

मी खाली बसलो. बसायला खुर्ची नव्हती हे बसल्यावर समजलं.

"अहो, काय पडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "उमलल्यात. सगळ्या उमलल्यात."

"मग फोटो पाठवा. मला झोप नाही लागणार बघितल्याशिवाय."

मी असा तसा खचणारा माणूस नाही. झाड तोडलेलं नव्हतं, विकलेलं नव्हतं, रस्त्यापलीकडे उभं होतं. जसं गेलं तसं येईल. मी तडक वहिनींकडे गेलो. लिंबू पांढऱ्या फुलांनी भरून गेलं होतं आणि अंगणभर वास सुटला होता. त्या झाडाला मी चार वर्षं नुसती पानं आणि काटेच पाहिले होते. ही फुलं बघायला तिने इथे असायला हवं होतं, असं मला वाटलं.

"आमच्याकडे आल्याबरोबर फुललं बघा," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "घर बदलून मानवलं त्याला."

मी त्यांना सगळं सांगितलं. ट्रक, हॉर्न, 'ला' आणि 'वर'. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ताईंनी मला दिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं. तेव्हा ती हातगाडी जरा..."

"थांबा, भाऊजी. मी चार वर्षं लिंबं पाठवतेय आणि त्या चार वर्षं परत करताहेत. का, ते एकदाही सांगितलं नाही. यावेळी मला वाटलं, संपलं सगळं. आता झाड न्यायचं असेल तर त्यांनी स्वतः यावं आणि मागावं. तुमच्या हातात मी त्याचं पानसुद्धा देणार नाही."

इथे खरी पंचाईत होती. बायको एक वेळ लिंबावाचून राहील, पण समोर जाऊन मागणार नाही, हे मला माहीत होतं. आणि तिचं झाड, तिच्या पहिल्या फुलांसकट, माझ्यामुळे अशा ठिकाणी गेलं होतं जिथून ते ती मागू शकत नव्हती. निदान फोटो तरी काढू द्या, असं मी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "काढा. फोटोला मी नाही म्हणत नाही." मी झाडाच्या अगदी जवळ जाऊन, आमचंच अंगण वाटेल अशा बेताने, झकास फोटो काढला आणि पाठवून दिला. आपल्याला संकटात सुचतं, याचं मला पुन्हा एकदा बरं वाटलं.

लगेच फोन वाजला. "अगं बाई, किती सुंदर फुललंय," बायको म्हणाली. तिचा आवाज खरोखर भरून आला होता, यावेळी धूर नव्हता. मग नुसत्या बांगड्या वाजल्या. ती फोटो मोठा करून बघत असावी.

"अहो."

"काय?"

"मागे दोरीवर ब्लाउज कोणाचे आहेत?"

मी फोटो उघडला. फुलांच्या मागे, जरा अंधुक पण ओळखू येतील असे, क्लासच्या मुलींनी शिवून धुतलेले सहा ब्लाउज ओळीने वाळत होते.

"तुझे असतील," मी म्हणालो.

"सहा मापांचे?"

"पाणी वाचवायचं म्हणून एकदम धुतले."

"कोणाचे धुतलेत?"

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नव्हतं. खरं सांगावं तर झाड जात होतं, खोटं सांगावं तर संसार. मी मध्यम मार्ग काढला. "तू ये, मग सविस्तर सांगतो," मी म्हणालो. याचा परिणाम म्हणजे बायको दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने आली.

ती फाटकातून आत आली ती सरळ दोरीकडे गेली. दोरीवर माझे दोन बनियन होते. मग ती कोपऱ्याकडे वळली. तिथे निळं पिंप होतं आणि त्याच्या बाजूला, फरशीवर, कुंडीचा गोल डाग राहिला होता. ती त्या डागाकडे बघत उभी राहिली. रागावली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. पण तिने नुसतं विचारलं, "मेलं का?"

मला फार वाईट वाटलं. तिने घरात पाऊल टाकेपर्यंत पाणी वाचवण्याचा मला जो अभिमान होता तो सगळा त्या दोन शब्दांत वाहून गेला.

"नाही गं. समोर आहे," मी म्हणालो आणि एका दमात सगळं सांगितलं. "तुझा 'ला' ट्रकखाली गेला, त्यात माझा काय दोष?"

"मी रोज पाणी सोडा म्हणून सांगत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"रोज सोडत होतो. पिंपासमोर उभा राहून."

बायकोने डोळे मिटून घेतले. मग बॅग तिथेच ठेवून ती फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि चार वर्षांत पहिल्यांदा वहिनींच्या अंगणात शिरली. मी पडद्याआडून बघत होतो. आधी दोघी लांब लांब उभ्या होत्या. मग बायको काहीतरी बोलली आणि वहिनी काहीतरी बोलल्या, आणि मला वाटलं, आता भडका उडणार. बायको झाडाजवळ गेली, फुलांना हात लावला आणि तिने डोळे पुसले. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी छातीवर हात जोडून, मिटल्या डोळ्यांनी, पिंपासमोर उभ्या राहणाऱ्या कोणाची तरी नक्कल केली आणि दोघी इतक्या हसल्या की क्लासच्या मुली शिवण टाकून बाहेर आल्या. (मी हात जोडत नव्हतो. हे त्यांनी पदरचं घातलं.)

"काय बोलणं झालं?" परत आल्यावर मी विचारलं.

"मी म्हटलं, माझं झाड मागायला आले आहे, आणि तुमची लिंबं परत पाठवत होते ते चुकलं. त्या म्हणाल्या, ते 'लागेपर्यंत' मी वाईट मनाने म्हटलं नव्हतं. झालं. चार वर्षांचं भांडण, दोन वाक्यांत मिटलं." तिने माझ्याकडे बघितलं. "झाड संध्याकाळी येतंय. एक अट आहे. त्यांच्या बोअरचं पाणी खाली गेलंय. रोज सकाळी जाऊन तुम्ही त्यांचं पाणी वाचवून द्यायचं."

मी मनातून फुलून गेलो. उशिरा का होईना, कदर झाली होती. संध्याकाळी लिंबू हातगाडीवरून वाजतगाजत परत आलं, एकही फूल न गळता, आणि सकाळी मी घमेलं घेऊन समोर हजर झालो. वहिनींच्या घरी पाण्याची नुसती उधळपट्टी होती. क्लासमध्ये अस्तराचं कापड शिवण्याआधी बादलीत भिजवून आटवून घेतात, म्हणजे ब्लाउज धुतल्यावर आखडत नाही. पण प्रत्येक कापडाला नवी बादली. मी म्हटलं, एकच पाणी सगळ्यांना का चालू नये? आधी लाल कापड भिजवून काढलं आणि त्याच बादलीत पांढरी अस्तरं घातली. चार बादल्या पाणी वाचलं. पांढरी अस्तरं सुंदर गुलाबी झाली, ती ज्यांच्या पांढऱ्या ब्लाउजांना लावायची होती त्या बायका दुपारीच जमल्या, आणि उरलेलं पाणी मी घातलं ती शेवंतीही जरा तांबूस दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला स्वतः आमच्या फाटकापर्यंत घेऊन आल्या. बायको लिंबाजवळ उभी राहून फुलं मोजत होती.

"ताई, यांना तुमच्याकडेच ठेवा," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडे जागा नाही."

"जागा आमच्याकडे तरी कुठे आहे?" बायको म्हणाली. "पण इतक्या वर्षांत मुळं धरलीत, आता उपटवत नाही."

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट न्याहाळलं. "फळ धरेल कधी?"

"छे," बायको म्हणाली. "सावलीला ठेवलंय."